बत्तिसावी प्रत

"यातलं बरोबर कुठलं?" गॅलरीवालीने विचारलं, आणि बेबीला आधी प्रश्नच कळला नाही. टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही दादाची, दोन्ही एकाच प्लेटवरून काढलेली आणि दोन्ही तिनेच काढलेली. डावीकडची पन्नासातली दुसरी प्रत, उजवीकडची बत्तिसावी; तसं दादाने खाली पेन्सिलीने लिहिलेलंही होतं. तेच पाणथळ माळरान, तोच वाकडा बांध, बांधावरची तीच झुडपं, लांबवर झाडांची तीच ओळ आणि वर तेच मोकळं आभाळ. पण डावीकडे नुकतं उजाडत होतं आणि उजवीकडे दिवस बुडून गेला होता. मधे टेबलाची चार बोटं जागा होती. बेबी त्या चार बोटांकडेच बघत राहिली.

"म्हणजे दोन्ही सुंदरच आहेत हं, बेबीताई," गॅलरीवाली घाईघाईने म्हणाली. बाई तशी चांगली होती. वाईट काही सांगायचं असलं की आधी गोड बोलायची. "पण एकच चित्र म्हणून देतो ना आपण. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याच्या घरी पाहिलं आणि मला विचारलं, माझ्याकडे अंधार का पडलाय? काय सांगू मी त्याला? अजून अठरा प्रती काढायच्या आहेत, तर एकदाचं ठरवून टाकू. सगळ्या हिच्यासारख्या, नाहीतर सगळ्या हिच्यासारख्या. शुक्रवारपर्यंत कळवा. आणि तुमच्याकडून होत नसेल..." इथे तिने चष्मा काढून ओढणीने पुसला. "तर माझ्या माहितीतला एक छापणारा आहे. तरुण आहे. दाखवाल तसं हुबेहूब काढून देतो. प्लेट तेवढी पाठवायची."

"आमच्याकडे हल्ली दिवस लवकर मावळतो," बेबी म्हणाली. विनोद करायचा होता, पण तो बाहेर पडेपर्यंत त्यातली हवा गेली. गॅलरीवाली हसली नाही. बेबीने दोन्ही चित्रं पुठ्ठ्याच्या फाइलीत घातली, नाडी बांधली आणि ती बाहेर पडली.

बसथांब्यावर बाक रिकामा होता. तिची बस आली, दार उघडून उभी राहिली, दार मिटून निघून गेली, तरी ती बसूनच होती. बस चुकली म्हणून वाईट वाटलं नाही, उलट पुढची येईपर्यंत कुणी काही मागणार नाही एवढं एक सुख मिळालं. पस्तीस वर्षांत 'बरोबर कुठलं' हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं. दादा तांब्याच्या प्लेटवर सुईने रेघा ओढायचा, प्लेट आम्लात बुडवून त्या रेघा खोल करून घ्यायचा आणि तिथून पुढचं सगळं बेबीचं. शाई भरायची, जादा शाई पुसायची, ओला कागद टाकायचा, प्रेसचं चाक फिरवायचं. सही अर्थातच दादाची. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. घरातलं शेंडेफळ म्हणून ती बेबी होती आणि साठी उलटली तरी बेबीच राहिली. गॅलरीवालीने आदराने त्याला ताई जोडलं होतं, त्याने ते आणखीनच विचित्र वाटायचं. अशा नावाच्या बाईला बरोबर काय नि चूक काय ते कोण विचारणार? ते दादाला विचारायचं. पण आज बाईने तिलाच विचारलं होतं, तिच्या हाताकडे बघत विचारलं होतं, आणि नखांत बसलेली शाई बेबीने नकळत मुठीत मिटून घेतली होती.

ही प्लेट करून नऊ वर्षं झाली. पहाटेच्या बसने दोघं शहराबाहेरच्या त्या पाणथळीवर गेली होती. दादा मांडीवर वही घेऊन बसला होता आणि ती चहाचा थर्मास धरून त्याच्या मागे उभी होती, वारं अडवायला. "बेबी, इथे बघण्यासारखं काहीच नाही," दादा खुशीत म्हणाला होता. "आता काही नाही ते कसं काढायचं बोल!" घरी येऊन त्याने ते काढलं. पाण्यासाठी लांबच लांब आडव्या रेघा, त्याही मधे मधे तुटलेल्या, जरा दम घेऊन पुढे गेल्यासारख्या. बांधावर तिहेरी जाळी, एकीवर एक अशा तीन दिशांच्या रेघा, म्हणून बांध ओला आणि जड दिसायचा. अगदी सुरुवातीला, ती नवी शिकत असताना, दादा तिला सांगायचा की आडवी रेघ माणसाला निजवते, तिरपी ढकलते आणि उभी जागं ठेवते. बाकीचं सगळं या तिघींची भांडणं. झुडपं त्याने आम्लाशिवाय, नुसत्या सुईने, थेट तांब्यात कोरली होती. तशी रेघ कोरली की तिच्या कडेला उकरलेलं तांबं उभं राहतं, त्यात शाई अडकते आणि कागदावर रेघ मऊ, केसाळ उमटते. हात फिरवावासा वाटेल अशी ती झुडपं होती. आणि आभाळात त्याने काहीच काढलं नव्हतं. क्षितिजाला टेकून केसाएवढ्या नऊ रेघा, बस. "वरचं तुझ्यावर सोडलंय," तो म्हणाला होता. चित्राचे तीन हिस्से केले तर दोन आभाळाचे होते.

आभाळ पुसण्यातून यायचं. प्लेटवर शाई चोपडायची, मग खळीच्या जाळीदार कापडाने गोल गोल पुसत जायचं आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हलक्या हाताने शेवटचं पुसायचं. रेघांत शिरलेली शाई राहते, वरची निघते. पण सगळी काढायची की थोडी ठेवायची हे हातावर. सगळी काढली तर तांबं चकाकतं, कागद पांढरा येतो आणि प्रत्येक रेघ आपापली सुटी उभी राहते. पाणी लांब जातं, थंडी वाजते, कुठेतरी कुणीतरी उठलेलं असावं असं वाटतं. पापुद्र्याएवढी शाई मागे ठेवली तर त्याच रेघा त्यात बुडतात. तुटलेल्या जागा भरून निघतात, दम घ्यायला फट उरत नाही, बांध पुढे सरकतो, झाडांची ओळ भिंतीगत उभी राहते आणि पाण्यावर नजर टाकली की घरी जावंसं वाटतं. दादाने एक रेघही बदललेली नसते. मान्य प्रत काढायच्या दिवशी त्या दोघांनी चार तास घालवले होते. शेवटी दादा म्हणाला, "हे. हेच हवंय मला. आता जे उजाडणार आहे ते." त्याने त्यावर पेन्सिलीने 'मान्य' लिहिलं आणि पुढच्या पन्नास प्रती हिच्याबरहुकूम काढायच्या असं ठरलं.

मग मावळायला लागलं कधी? दुसरी बस आली तेव्हा बेबी उठली, खिडकीपाशी बसली आणि फाइल छातीशी धरून हिशेब करू लागली. पहिल्या दहा-बारा प्रतींनंतर झुडपं विरळ व्हायला लागली होती, तेवढं तिला पक्कं आठवत होतं. दरवेळी प्रेसखालून जाताना ती उभी राहिलेली तांब्याची कड चेपत जाते आणि मऊपणा जातो. झुडपं काटक्यांसारखी दिसू नयेत म्हणून तिने त्यांच्या आसपास थोडी जास्त शाई ठेवायला सुरुवात केली होती. ते जाणूनबुजून केलं होतं, कुठल्याही छापणाऱ्याने तेच केलं असतं. पण झुडपांपाशी ठेवलेली शाई आभाळात कशी गेली? आणि तिला ती दिसली कशी नाही? तिची नजर अजून शाबूत होती. शाईचा पापुद्रा केसभर जाड झाला तरी तिला तळहाताला कळायचा. ती काही आंधळी नव्हती, दारू प्यालेली नव्हती. ती रोज साडेपाचला उठत होती, आणि रोज तिथेच उभं राहून तेच करत होती.

घरी आल्यावर ती वर गेलीच नाही. तळमजल्यावर वर्कशॉप, वरच्या दोन खोल्यांत घर. वरून दादाचा आवाज आला, "आलीस का? काय म्हणतेय बाई?" ती म्हणाली, "सांगते नंतर." वर्कशॉपच्या मागे एक लहान खोली होती, तिथे चित्रांचं सपाट खणांचं कपाट होतं. तिने तिसरा खण ओढला. तो ओरडला. नेहमीच ओरडायचा तो खण, लाकूड फुगलेलं होतं, जिवाच्या आकांताने किंचाळायचा. आणि त्या आवाजाने बेबी जागच्या जागी थबकली, मान वळवून कोपऱ्याकडे बघायला लागली. कोपऱ्यात आता शाईचे डबे होते. आधी तिथे आईची खाट होती.

तेव्हा तिला कळलं. इतकं साधं होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली. नवी प्रत ताडून बघायची ती मान्य प्रतीशी, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. मान्य प्रत या खणात. आई वरचे जिने चढू शकेना तेव्हा खाट याच खोलीत आणली होती. रात्रभर आई कण्हायची, उठवायची, कुशीवर वळवायला लावायची, आणि सकाळी दहा-साडेदहाला, बेबीचा प्लेटवर हात चालायच्या वेळेला, तिचा डोळा लागायचा. खण उघडला असता तर ती जागी झाली असती. आई जागी झाली असती म्हणजे मग त्या दिवशी पुढे काही नाही. म्हणून बेबीने एकदा, फक्त एकदाच, नवी प्रत दोरीवर वाळत घातलेल्या आदल्या प्रतीशी ताडून बघितली. अगदी जुळली. पुढची तिच्याशी. त्याच्या पुढची तिच्याशी. दरवेळी जुळतच गेली. दीड वर्षाने आई गेली, खाट निघाली, पण खण उघडायची सवय मोडली ती मोडलीच. वर्षाला तीन-चार प्रती, मागणी येईल तशा. प्रत्येक प्रत आदल्या प्रतीसारखीच थकलेली, वर केसभर जास्त. केसा-केसाने तिने उजाडणारा दिवस मावळायला नेला होता आणि प्रत्येक वेळी मान डोलावून म्हणाली होती, जमलं, अगदी तस्संच.

घरात उरलेल्या प्रती तिने जमिनीवर मांडल्या. मान्य प्रत, मग पाचवी, अकरावी, सतरावी, चोविसावी, एकोणतिसावी, आणि फाइलीतली बत्तिसावी. त्यांच्यापुढे ती मांडी घालून बसली. पाचवीपर्यंत ठीक होतं. अकराव्या प्रतीत पाण्यावर किंचित धूर आला होता. तेव्हा आईला पाठीला जखमा झाल्या होत्या. सतरावीत क्षितिजावरच्या नऊ रेघांपैकी पाचच मोजता येत होत्या. ते आई गेल्यानंतरचं. सगळे म्हणाले होते, सुटली बिचारी, आणि बेबीच्या मनात आलं होतं की मी पण सुटले, आणि त्या विचाराची तिला इतकी शरम वाटली होती की तेरा दिवस ती कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकली नव्हती. पण ती सुटली नव्हतीच. त्याच सुमारास वहिनी नातवाला सांभाळायला म्हणून लेकीकडे गेली ती तिकडचीच होऊन बसली, आणि दादाचं खाणंपिणं, दादाचे गुडघे, दादाची औषधं, दादाचं गप्प बसणं सगळं बेबीकडे आलं. चोविसाव्या प्रतीत झाडांची ओळ दिसतच नव्हती, ती आहे असं समजून घ्यायचं. बत्तिसावीत आभाळ आणि पाणी एकच झालं होतं. हे सगळं तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलायला वेळ कुठे होता, आणि बोलायचं कुणाशी? आणि तरी ते इथे जमिनीवर ओळीने पडलेलं होतं, खाली दादाच्या सहीसकट, आणि लोकांनी ते घरोघरी भिंतींवर लावलं होतं. बेबीला रडू आलं नाही. तिला फक्त तिथेच, त्या चित्रांच्या शेजारी, फरशीवर आडवं व्हावंसं वाटलं. ती दहा मिनिटं आडवी झालीही. मग वरून काठी आपटल्याचा आवाज आला, म्हणजे चहाची वेळ झाली होती.

दुसरी आणि बत्तिसावी घेऊन जिना चढताना तिने ठरवलं की सांगून टाकायचं. चूक आपली आहे, मान्य प्रत खणात ठेवून आपण भलत्याशीच ताळा घेत बसलो. पंधरा-वीस माणसांच्या घरी दादाच्या नावावर जे लटकलंय ते दादाचं नाही. बाईला सांगायचं की दुसरीच बरोबर, उरलेल्या अठरा त्या तरुण माणसाला काढू देत. प्लेट जाईल. पस्तीस वर्षांत दादाची एक प्लेट परक्या हाताखाली गेली नव्हती. गेली तर काय होईल? रविवारी झोपता येईल. हा विचार इतका गोड होता की तिची पायरी चुकली.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. दीड वर्ष झालं, तो खाली उतरला नव्हता. तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि दोन्ही चित्रं पलंगावर मांडली, मधे चार बोटं अंतर ठेवून.

"बाई विचारतेय, यातलं बरोबर कुठलं."

दादाने चष्मा लावला, वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. कपात फुंकर घातली, एक घोट घेतला आणि बत्तिसाव्या प्रतीवर बोट ठेवलं. "हे."

"दादा, नीट बघ. तू मान्य केलं होतंस ते या दुसऱ्या प्रतीसारखं. तू म्हणाला होतास, उजाडायला हवंय."

"माहितेय मला. म्हातारा झालोय, वेडा नाही झालो." तो चष्म्याच्या वरून बघत होता. "सही करताना काय मी डोळे मिटून करतो?"

"म्हणजे तुला दिसत होतं?"

"दिसत होतं म्हणजे काय! प्रत्येक प्रत आली की आधी आभाळ बघायचो. आज किती उतरलंय ते."

"आणि बोलला नाहीस?"

दादाने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्याला असलं बोलायची सवय नव्हती, मानेवरून दोनदा हात फिरवला. "काय बोलायचं? तुझी वहिनी गेली तिकडे... मग माझा हातच चालेना. सुई धरली की वाटायचं, कशाला? कुणाला सांगितलं नाही मी. पण तू खालून प्रत आणायचीस, आणि आभाळ बघितलं की वाटायचं, हिला कळलंय. हिला माझं सगळं कळलंय आणि ही न बोलता तसं काढतेय. बरं वाटायचं गं. तेवढंच तर होतं." त्याने बत्तिसावीवर पुन्हा बोट ठेवलं. "म्हणून म्हणतो, हेच बरोबर."

बेबी उभी होती ती पलंगाच्या कडेला बसली. तिला एकदम हसूच आलं. इतकी वर्षं हा माणूस तिच्या हाताने काढलेल्या आभाळात स्वतःला बघत होता. एकाही प्रतीत त्याला ती दिसली नव्हती. आणि आता तो असा बघत होता, उपकार मानल्यासारखा, म्हातारे डोळे भरून. गप्प बसणं सोपं होतं. हो रे दादा, कळलं होतं मला, एवढं म्हटलं की झालं असतं. तो सुखाने चहा प्यायला असता, बाईला बत्तिसावी कळवली असती आणि ती उद्या साडेपाचला उठून तेहतिसाव्या प्रतीला लागली असती. पस्तीस वर्षं तिने असलंच काहीतरी म्हटलं होतं. तिचं तोंड त्यासाठी उघडलंसुद्धा. पण त्यातून निघालं ते वेगळंच.

"ते तुझं नव्हतं, दादा. ते माझं होतं."

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. तो सोंग करत नव्हता, टाळत नव्हता, एखादा अनोळखी पत्ता विचारावा तसं त्याने विचारलं, "तुझं काय?"

बेबीने त्याच्याकडे बघितलं. उत्तर तिच्याजवळ होतं. आत्ता तासाभरापूर्वी ते तिने फरशीवर ओळीने मांडलं होतं. पण ते उचलून शब्दांत घालायचं म्हणजे परत सगळं नव्याने करायचं, आणि तेवढी ताकद आज तिच्यात नव्हती. "चहा गार होतोय," ती म्हणाली, चित्रं गोळा केली आणि खाली जाऊन बत्तिसावी ओळीत परत ठेवली. संध्याकाळी तिने भाजी चिरली, दादाचं ताट वर नेऊन ठेवलं. तो काहीतरी बोलायच्या बेतात होता. ती थांबली नाही. खालची चित्रं मात्र तिने उचलली नाहीत. राहू देत पसरलेली, असं म्हणून दिवा मालवला.

सकाळी ती साडेपाचला उठली ती सवयीने. चुलीवर पाणी ठेवलं. खाली येऊन प्लेट गरम पत्र्यावर ठेवली, शाई घोटली, प्लेटवर चोपडली. काळ्याभोर शाईखाली माळरान दिसेनासं झालं, नेहमीच होतं तसं. आता कापड घ्यायचं आणि पुसायला लागायचं. तिने कापडाकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला. दुखत नव्हता, काही नव्हतं. नुसता पुढे जाईना. ती स्टुलावर बसली. बसून कापडाकडे बघत राहिली. शाई घट्ट व्हायला लागते, लौकर पुसली पाहिजे, हे डोक्यात होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी काम असल्यासारखं लांबून ऐकू येत होतं.

जिन्यात धप्प आवाज झाला. मग पुन्हा. दादा बसून उतरत होता, एकेक पायरी, काठी पुढे टाकत आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत. ती उठली नाही. उठून हात द्यावा असं मनात आलं आणि तेही तसंच गेलं. खाली आल्यावर तो आधी मागच्या खोलीच्या दारात गेला आणि तिथे खूप वेळ उभा राहिला, भिंतीला धरून. फरशीवर सात चित्रं होती. वाकता येत नव्हतं म्हणून तो काठीचं टोक एकेका चित्राच्या कडेला टेकवत गेला, पहिलीपासून शेवटपर्यंत, मग उलटा मागे. अकराव्या प्रतीपाशी काठी थांबली.

"ही आईच्या वेळची," तो तिकडूनच म्हणाला. विचारलं नाही, सांगितलंही नाही, मधलंच काहीतरी.

"हो."

मग काठी सतरावीवर टेकली. चोविसावी, एकोणतिसावी. मग तो आला, प्रेसला धरत धरत, आणि तिच्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल आणि मला त्याची समजूत घालावी लागेल. पण त्याने खुंटीवरचा अॅप्रन काढला, तिचाच, तो त्याच्या पोटाला पुरेना, नाड्या बांधता येईनात म्हणून तसाच लोंबता ठेवला.

"सरक," तो म्हणाला.

"तुला नाही जमायचं. शाई घट्ट झालीय. त्यात तुझे गुडघे."

"सरक म्हणतो ना. खुर्चीत बस तिथे."

ती त्याच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसली. ती खुर्ची इतकी खोल आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांत ती तिच्यात कधी बसलीच नव्हती. दादाने कापड उचललं, चुरगाळून गोळा केला आणि प्लेटवर फिरवायला सुरुवात केली. चुकीचं धरलं होतं, अंगठा आत घेऊन, त्याने ओरखडे उठणार होते. ती बघत होती. सांगितलं नाही. सुरुवातीला तो जोरात पुसत होता, मग त्याला दम लागला, एक हात प्रेसवर टेकवून तो दुसऱ्याने पुसू लागला. कापड तांब्यावर सर-सर वाजत होतं. काळ्यातून आधी बांध वर आला असणार, मग पाणी. तिला तिथून दिसत नव्हतं, आणि मान उंच करून बघावंसंही वाटत नव्हतं. सगळी प्लेट बिघडली तरी बिघडू दे. शुक्रवारचं शुक्रवारी.

"बेबी," दादा धापा टाकत म्हणाला. "पुरे?"

तिने डोळे मिटले होते. खुर्चीच्या पाठीला डोकं लागलं होतं, हात मांडीवर पालथे पडले होते आणि खिडकीतून येणारं ऊन पापण्यांवर आलं होतं.

"अजून," ती म्हणाली.

कापड पुन्हा फिरायला लागलं. आता संथ, आता जरा सांभाळून. मधे थांबलं, त्याने कापडाची घडी उलटली असावी.

"बघ तरी इकडे. आता पुरे का?"

"अजून, दादा," बेबी डोळे न उघडता म्हणाली. "अजून थोडं."